पाठराखीण

(स्त्री-आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

या शिबिरात बोलायचं आमंत्रण आलं तेव्हा तुम्ही मला विषय विचारलात. मी म्हटलं, मेडिकल कॉलेजात नव्याने लागलेल्या शिक्षिकांना संशोधनात कसं उभं करायचं, यावर बोलेन. फोनवर जरा वेळ शांतता पसरली. मग तुमच्यापैकी एकीने फार सभ्यपणे विचारलं, "बाई, आमच्याकडे येणाऱ्या बायका वस्तीत काम करणाऱ्या. त्यांना याचं काय?"

प्रश्न रास्त आहे. तुमचा नि आमचा संबंध येतो तो ओपीडीच्या रांगेत. तिथे आम्ही खुर्चीत असतो आणि तुम्ही एखाद्या बाईचा हात धरून उभ्या असता. खुर्चीतल्या बाईच्या अडचणी तुम्ही का ऐकाव्यात? पण तुम्ही ज्या बाईचा हात धरून येता, तिच्या दुखण्यावर औषध आहे की नाही, ते तिला सोसेल की नाही, हे कुणीतरी आधी शोधून काढलेलं असतं. किंवा कुणीच शोधलेलं नसतं. तो प्रश्न विचारायला त्या दिवशी कोण जागेवर होतं आणि कोण नव्हतं, यावर बरंचसं ठरतं. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

एक उदाहरण तुम्हा सर्वांना माहीत असेल. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. त्याचा निबंध १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला. शंभरातल्या ९२ बायांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात जेमतेम आठ होत्या. तोवर 'ग्रामीण स्त्रीचं आरोग्य' म्हटलं की बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच सरकारी कागदांवर असायचं. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीचे त्रास हे सगळं 'बायकांचं चालायचंच' या सदरात जमा. तो आजार गावात नवा नव्हता. नवी होती ती विचारणारी बाई. तिने विचारलं, बायांनी सांगितलं, आणि ते मोजून मांडल्यामुळे जगाला ऐकावं लागलं.

आता 'क्लिनिकल आणि ट्रान्सलेशनल रिसर्च' या जड शब्दांचं ओझं उतरवून ठेवू. रोग्याच्या खाटेशी जे संशोधन होतं ते क्लिनिकल. आणि प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट खाटेपर्यंत न्यायची, खाटेपाशी सिद्ध झालेली गोष्ट वस्तीपर्यंत न्यायची, ही जी वाटचाल, ती ट्रान्सलेशनल. वाट लांब आहे आणि मधे ओढेनाले पुष्कळ. गडचिरोलीतच गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. ३९ गावांतल्या त्या कामामुळे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली छापून आलं. आशा ताईंमार्फत ते काम देशभर सुरू झालं २०११ साली. म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट वाटेत बारा वर्षं होती.

ही तरी पोचली. दुसरी ऐका. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी साधी तपासणी असते. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं, त्याचंच पातळ द्रावण लावायचं आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडवस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायांमध्ये याचा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ साली जाहीर झालं. त्याआधी २००९ मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सव्वा लाखावर बायांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीसुद्धा मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, असं दिसलं. दोन्ही अभ्यास आपल्या महाराष्ट्रातले, आपल्या बायांच्या अंगावरचे. आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय आलं? तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय बायांमध्ये अशी तपासणी एकदा तरी झालेल्या दोनसुद्धा नाहीत. १.९ टक्के!

या दोन्ही अभ्यासांवर टीकाही झाली, तीही सांगते. तुलनेसाठी ज्या गटाला ही तपासणी दिली नाही, त्या गटातल्या बायांचे मृत्यू मोजले गेले. तपासणी उपयोगी पडते हे माहीत असताना ते योग्य होतं का, असं अनेकांनी विचारलं. अभ्यास करणाऱ्यांचं उत्तर असं, की देशात तशीही बायांना ही तपासणी मिळत नव्हती. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही ठरवा. मी या प्रश्नाकडे शेवटी परत येणार आहे, कारण तो मला एका भिशीवाल्या बाईने शिकवला.

तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना संशोधन म्हटलं की वेगळंच आठवत असेल. नेट-एन हे गर्भनिरोधक इंजेक्शन. बायांना हा प्रयोग आहे हे न सांगता तो होतोय, म्हणून हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली या गटांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींना एचपीव्हीची लस टोचण्याचा प्रकल्प झाला. २०१० मध्ये तो थांबवावा लागला. आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक अहवाल दिला. ही लस उपयोगी आहे याचा पुरावा आज भक्कम आहे. भांडण लशीशी नव्हतं, पद्धतीशी होतं. हा फरक आपण चळवळीत नीट ठेवला पाहिजे. पण हा सगळा इतिहास मला माझ्या शिक्षणात कुणी शिकवला नाही, आणि आज सव्वीस-सत्तावीस वर्षांची जी मुलगी शिकवायला लागते, तिलाही कुणी शिकवत नाही.

आता त्या मुलीकडे येऊ. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंधच मुळी हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. पुढच्याच फेब्रुवारीत, एकविसाव्या वर्षी, प्रॅक्टिस सुरू करण्याआधीच त्या गेल्या. त्या काळी बाईला दारातून आत येण्यासाठीच सगळी शक्ती लागत होती. आज तो प्रश्न राहिला नाही. माझ्या शेवटच्या वर्षांत वर्गात मुली निम्म्या तरी असायच्याच. पण ज्या बैठकीत पुढच्या पाच वर्षांचं संशोधन ठरतं, तिथे मी अनेकदा एकटी बाई बसले आहे. चहा आला की सगळ्यांचे डोळे माझ्याकडे! मग त्या निम्म्या मुली मधे कुठे गेल्या?

असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलेल्या मुलीचा दिवस सांगते. सकाळी ओपीडी, मग वॉर्डाची फेरी, दुपारी विद्यार्थ्यांचा तास, आठवड्यातून दोनदा लेबर रूमची रात्र. कॉलेजची तपासणी आली की महिनाभर रजिस्टरं पुरी करणं. स्नेहसंमेलन, पाहुण्यांचं स्वागत, मुलींच्या वसतिगृहाची देखरेख ही कामं 'मॅडमच छान करतात' म्हणून तिचीच. संध्याकाळी घरची पाळी. संशोधन रात्री दहानंतर, मूल झोपलं तर. शिवाय रात्री ज्या जागी ती काम करते, ती जागा सुरक्षित आहे का? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर कितीतरी आयांनी आपल्या डॉक्टर मुलींना हाच प्रश्न विचारला असेल.

आणि तरी बढतीसाठी तिला पेपर छापावे लागतात. २०२० पासून संशोधनाचा एक प्राथमिक अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था तो संगणकावरून शिकवते. अभ्यासक्रम चांगला आहे, मी स्वतः त्याचे धडे पाहिले आहेत. नमुना किती घ्यायचा, प्रश्न कसा मांडायचा, हे सगळं त्यात आहे. पण पोहण्याचं पुस्तक वाचून कुणी विहिरीत उतरत नाही. काठावर कुणीतरी लागतं.

त्या माणसाला इंग्रजीत मेंटॉर म्हणतात. आपल्याकडे 'गाइड' असतो. तो सही करतो. 'गुरू' म्हणावं तर पायावर डोकं ठेवावं लागतं. मला बरेच दिवस शब्द सापडत नव्हता. मग आठवला, पाठराखीण! नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर जाते ती. नवरीला तहान लागली तर पाणी मागून देणारी, 'तिला आता जरा पडू द्या' असं चार माणसांत सांगणारी. तुम्ही हसताय, कारण रूपक सासरचं आहे. पण खरं सांगा, मेडिकल कॉलेज नव्या मुलीला सासरपेक्षा काय वेगळं असतं?

माझीच गोष्ट सांगते. १९८४ मध्ये मी लेक्चरर म्हणून लागले. बाळंतपणानंतर होणाऱ्या रक्तस्रावाच्या मी दोन वर्षं नोंदी ठेवल्या. स्वतःच्या हाताने, लेबर रूमच्या कोपऱ्यात बसून. लेख लिहिला, तेव्हा विभागप्रमुख सरांचं नाव पहिलं, त्यांच्या मित्राचं दुसरं आणि माझं चौथं. मी विचारलं तर सर प्रेमाने म्हणाले, "अगं, तुझं नाव आहे की!" ते वाईट नव्हते. त्यांच्या सरांनी त्यांच्याशी तेच केलं होतं. पण मी त्यानंतर आठ वर्षं संशोधनाचं नाव काढलं नाही.

मला परत आणलं दुसऱ्या विभागातल्या एका बाईंनी. त्या समाजवैद्यकाच्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझं बाड मागून घेतलं आणि आठवड्याने लाल शाईने भरून परत दिलं. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? मी वाचलंय याची ती खूण आहे. आता सांग, तुला यासाठी वेळ कुणी दिलाय?" कुणीच दिला नव्हता. त्यांनी डीनना पत्र लिहिलं, की हिला बुधवारची दुपार मोकळी द्या, तिची ओपीडी कोण बघेल त्याचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. पत्रावर त्यांची सही होती, म्हणून ते मान्य झालं. माझी असती तर टोपलीत गेलं असतं. त्या एका दुपारीवर मी उभी राहिले.

पुढे कळलं की परदेशात याची रीतसर व्यवस्था आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था तरुण डॉक्टर-संशोधकांना जे अनुदान देतात, त्याच्या एका प्रकारात साधारणपणे पाऊण वेळ संशोधनासाठी राखून ठेवण्याची अट असते. पगार मिळतो त्यातला पाऊण वेळ! त्या वेळात तिला कुणी ओपीडीत ओढू शकत नाही. मार्गदर्शक कोण आणि तो काय करणार, हे अर्जातच लिहावं लागतं. २००६ पासून तिथे अशा शिक्षणासाठी विद्यापीठांमध्ये केंद्रंही उभी राहिली. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे रांग आहे, हे मला कळतं. शिवाय त्या देशातही सगळं आलबेल नव्हतं. १९७७ पासून तिथे मूल होण्याच्या वयातल्या बायांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं जात होतं. चाचण्यांत बायांना घेतलंच पाहिजे असा कायदा व्हायला १९९३ साल उजाडलं. पण राखलेला वेळ आणि लिहून दिलेली जबाबदारी, या दोन गोष्टी पैशाविनाही करता येतात. माझ्या समाजवैद्यकाच्या बाईंनी एका कागदावर करून दाखवल्या होत्या.

इथपर्यंत मी चांगली दिसते. आता जे सांगायला खरं तर आले आहे, ते सांगते.

मी प्राध्यापक झाले, माझ्या हाताखाली मुली आल्या. त्यातली एक खेड्यातून आलेली, घरातली पहिली शिकलेली. आरक्षणातून आली म्हणून पाठीमागे बोललं जायचं. समोर कुणी म्हणत नसे, पण तिच्या केसपेपरात चूक निघाली की जरा जास्तच मोठ्याने निघायची. तिने २०१२ मध्ये माझ्याकडे एक प्रश्न आणला. "मॅडम, रक्त कमी असलेल्या बाळंतिणीला आपण लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवतो. घरी त्या गोळ्यांचं काय होतं, ते आपण बघतच नाही. माझ्या आईच्या डब्यात मी तशाच पडलेल्या बघितल्यात. मला घरी जाऊन बघायचंय. आणि घरी जायच्या आधीच लोहाचं सलाईन दिलं तर फरक पडतो का, तेही बघायचंय."

मी म्हटलं, घरोघर कोण जाणार? पैसा कुठून आणणार? परवानग्या कोण काढणार? त्यापेक्षा असं कर, माझ्याकडे दहा वर्षांची रजिस्टरं आहेत. त्यातल्या रक्तक्षयाच्या नोंदी काढ, वर्षभरात लेख होईल. मला मनापासून वाटलं, की मी तिचं भलं करते आहे. तिचा प्रोटोकॉल मी रात्री जागून दुरुस्त केला, लाल शाईने. एथिक्स कमिटीने त्यात दुरुस्त्या मागितल्या, त्यांची तारीख तिच्या आठव्या महिन्यात आली. मुदत वाढवून मागता येते हे तिला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही, कारण मला ती तारीखच आठवली नाही. रजेवरून ती परत आलीच नाही. एका खासगी रुग्णालयात लागली.

मी फोन केला, जरा रागावूनच. एवढी मेहनत घेतली, आणि सोडून गेलीस? ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझं इंग्रजी दुरुस्त केलंत. पण माझा प्रश्न बदललात. तुमची रजिस्टरं मी काढत होते, तेव्हा मला कळत नव्हतं की मी इथे कशाला आहे."

मैत्रिणींनो, सरांनी माझं नाव चौथं लावलं होतं. मी हिचा प्रश्नच काढून घेतला. सरांचं चुकलं ते कागदावर तरी दिसत होतं. माझं दिसतही नव्हतं, कारण मी बाई होते, प्रेमळ होते, आणि चळवळीची मासिकं वाचत होते.

आज लोहाची ही गोष्ट किती मोठी आहे ते बघा. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांमध्ये रक्तक्षय २०१५-१६ च्या पाहणीत ५३ टक्के होता, २०१९-२१ च्या पाहणीत ५७ टक्के झाला. गोळ्या वाटल्या जात होत्याच. तिचा प्रश्न बरोबर होता. तो विचारायला तिच्या आईचा डबा बघितलेली मुलगीच लागत होती. माझ्या आईच्या घरी असा डबा नव्हता.

त्यानंतर आम्ही सात जणींचं एक मंडळ सुरू केलं. वेगवेगळ्या विभागांतल्या, नव्याने लागलेल्या. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी दोन ते चार. संध्याकाळी नाही, कारण संध्याकाळी मुलं शाळेतून आलेली असतात. मूल आणायचं असेल तर आणा, सतरंजी आहे. डॉ. कमल रणदिवे यांनी १९७३ साली स्थापन केलेल्या भारतीय महिला वैज्ञानिकांच्या संस्थेने वाशीला वसतिगृह आणि पाळणाघरही चालवलं, ते उगीच नव्हे. विज्ञानात बाई टिकायची तर आधी मूल सांभाळायची सोय लागते.

मंडळाचे नियम चारच. पहिला, प्रश्न जिचा तिचाच राहील. त्याला धार लावायची, तो बदलायचा नाही. दुसरा, लेखावर कुणाचं नाव कितवं, हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवायचं. तिसरा, पाठराखीण ही त्या मुलीची साहेब नसावी. दुसऱ्या विभागातली असावी. जिच्या हातात तुमचा गोपनीय अहवाल आहे, तिच्यापुढे तुम्ही खरं बोलत नाही. चौथा, कुणाची रजा, बाळंतपण, घरातलं आजारपण आलं की तारखांची वही दुसरीने सांभाळायची. हा चौथा नियम माझ्या चुकीतून आला.

सातांपैकी तिघींनी आपलं काम पुरं केलं. दोघींची बदली झाली, एक सोडून गेली, एकीचं अजून चालू आहे. आकडा मोठा नाही. पण या तिघींचे प्रश्न त्यांचेच होते.

त्यातल्या एकीला मी तो लोहाचा जुना प्रश्न सांगितला. तिला तो घ्यावासा वाटला. मी आधी त्या गेलेल्या मुलीला फोन केला आणि विचारलं, तुझा प्रश्न दुसरीला देऊ का? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "द्या. पण घरी जायला सांगा." वहीत पहिल्या पानावर तिचं नाव आहे.

आता ती भिशी. या अभ्यासात काही बाळंतिणींना लोहाचं सलाईन आणि काहींना नेहमीच्या गोळ्या, असं होतं. संमतीपत्र नऊ पानांचं झालं. आम्ही ते वाचून दाखवायला तुमच्यासारख्याच वस्तीत काम करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "यावरून एवढं कळलं की डॉक्टरला काही होणार नाही. बाईला काय होणार ते कुठंय?" आमची मुलगी लालबुंद झाली. नऊ पानांची तिने तीन केली. कुणाला सलाईन आणि कुणाला गोळ्या हे कसं ठरतं, हे सांगताना ती म्हणाली, "भिशीची चिठ्ठी काढतात ना, तसं. डॉक्टर ठरवणार नाही, चिठ्ठी ठरवेल."

"म्हणजे वशिला नाही, हे बरं," बाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण आमच्या भिशीत नंबर सगळ्यांचा लागतो. आज नाही तर सहा महिन्यांनी. तुमच्या चिठ्ठीत जिचा लागला नाही, तिचा कधी लागणार?"

खोलीत कुणी बोललं नाही. मोठमोठ्या अभ्यासांवर मोठमोठ्या माणसांनी जो आक्षेप घेतला, तोच हा. फरक इतकाच, की तो काम सुरू होण्याआधी विचारला गेला, आणि विचारणारी समोर बसली होती. आमच्या मुलीने प्रोटोकॉल पुन्हा लिहिला. सहा आठवड्यांनी तपासल्यावर जिचं हिमोग्लोबिन अजून खालीच असेल, तिला मग चिठ्ठी काहीही निघालेली असो, सलाईन मिळेल. अभ्यासाला त्याने बाध आला नाही, कारण तुलना सहा आठवड्यांवर होणारच होती. हे आम्हाला आधी सुचायला हरकत नव्हती. सुचलं नाही.

म्हणून मी तुमच्याकडे आले आहे. तीन गोष्टी मागते.

एक. २०१९ च्या औषध चाचण्यांच्या नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीत निदान सात सभासद लागतात. त्यात एक सामान्य नागरिक, निदान एक स्त्री, एक कायद्याची जाणकार व्यक्ती असावीच लागते. सामाजिक संस्थेच्या प्रतिनिधीलाही तिथे जागा आहे, आणि निम्मे सभासद त्या संस्थेबाहेरचे हवेत. या खुर्च्या तुमच्या आहेत. तुमच्या जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजला पत्र लिहून विचारा, की तुमच्याकडे सामान्य नागरिक म्हणून कोण बसतं? इंग्रजी येत नाही म्हणून मागे हटू नका. भिशीवाल्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं.

दोन. देशातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली. ती कुणालाही बघता येते. तुमच्या वस्तीत कुणी रक्त घेत असेल, तर नोंद आहे का ते विचारा. प्रामाणिक काम करणारी मुलगी या प्रश्नाने दुखावणार नाही.

तीन. आमच्या मुलींना तुमच्या वस्तीत येऊ द्या. त्यांच्यावर संशय जरूर घ्या, पण दार लावू नका. त्यांना घरं दाखवा, डबे दाखवा. आणि त्यांच्याकडून एक वचन घ्या, की निकाल लागला की तो सांगायला त्या परत येतील. तोंडी, मराठीत, त्याच ओट्यावर बसून. जी परत येईल तिला पुढचा प्रश्न तुम्हीच द्याल.

मी काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शनिवारचं मंडळ चालू आहे. गेल्या खेपेला एक नवी मुलगी आली होती, भूलशास्त्रातली. तिने बाड पुढे केलं. मी लाल शाईचं पेन काढलं आणि तसंच ठेवून दिलं. आधी विचारलं, "हा प्रश्न तुला कुठे सापडला?" ती सांगायला लागली, आणि चार वाजून गेले तरी थांबली नाही.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर दुसरा शनिवार, दुपारी दोन. सतरंजीवर जागा आहे.